'पिण्यास योग्य' म्हणजे नेमके काय तपासले?

गेल्या उन्हाळ्यात ओपीडी संपत आली असताना एक सरपंचबाई आल्या. हातात केसपेपर नव्हता. थंड पेयाची दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली होती, अर्धी पाण्याने भरलेली. औद्योगिक वसाहतीच्या उताराला त्यांचे गाव. "डॉक्टरसाहेब, ह्याचा वास घेऊन बघा. पहाटे पहिली मोटर चालू केली की येतोय. नंतर जातोय." मी वास घेतला, मला काही जाणवले नाही. शेजारी उभ्या सिस्टरांना किंचित थिनरसारखा वाटला. बाईंनी त्याआधीच पाणी तपासून घेतले होते आणि अहवालावर 'पिण्यास योग्य' असे लिहून आले होते. अशा वेळी आम्ही सगळे जे करतो तेच मी केले. नमुना पुन्हा एकदा सरकारी प्रयोगशाळेत पाठवायला सांगितला. पुन्हा 'पिण्यास योग्य' आले. मी बाईंना काळजी करू नका म्हणालो.

तो अहवाल खोटा नव्हता. गढूळपणा, सामू, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, कोलिफॉर्म जंतू, जे जे तपासले ते सगळे मर्यादेत होते. चूक माझी होती. ज्या गोष्टीची शंका होती ती त्या यादीतच नव्हती, हे मी अहवाल हातात घेऊनही पाहिले नाही. रुग्णाला छातीत दुखत असताना लघवीचा रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून घरी पाठवावे, तसा हा प्रकार.

यादीत नव्हते ते सॉल्व्हंट. वर्कशॉपमध्ये धातूच्या सुट्या भागांवरचे तेल-ग्रीस उतरवायला, रंग पातळ करायला, औषधे आणि रसायने बनवताना, ड्रायक्लीनिंगला जे द्रव वापरतात ते. पाण्याच्या दृष्टीने यांतले सर्वांत त्रासदायक म्हणजे क्लोरीन असलेले: ट्रायक्लोरोइथिलीन, परक्लोरोइथिलीन, कार्बन टेट्राक्लोराइड, मिथिलीन डायक्लोराइड. कारखान्यात यांना 'टीसीई', 'एमडीसी' अशा आद्याक्षरांनी ओळखतात. टीसीईची आमच्या व्यवसायाशीही जुनी ओळख आहे. 'ट्रायलीन' या नावाने ते एके काळी प्रसूतीच्या कळा सुसह्य करण्यासाठी हुंगायला दिले जाई. आमच्या आधीच्या पिढीतल्या डॉक्टरांनी ते वापरलेले आहे. त्यामुळे 'विष' हा शब्द मी सांभाळून वापरतो. पण २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टीसीईला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. मुख्य पुरावा मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा. २०२३ मध्ये अमेरिकी नौसैनिकांच्या पाहणीत, हे पाणी प्यायलेल्यांत कंपवाताचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी अधिक आढळले. २०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेने टीसीईवर बंदीचा नियमच काढला.

आपल्याकडे या द्रवाचा प्रवास थोडा उलटा झाला. वातावरणातला ओझोनचा थर वाचवण्यासाठी जगाने कार्बन टेट्राक्लोराइड सोडायचे ठरवले, भारतानेही २०१० पर्यंत त्याचा असा वापर थांबवला. मग धातू धुणाऱ्या वर्कशॉपना पर्याय म्हणून जी नावे सुचवली गेली त्यांत टीसीई होते. आकाश वाचले ते चांगलेच झाले. जमिनीखाली काय झाले, याचा हिशेब मात्र कुणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

जमिनीखाली काय होते, ते समजून घ्यायला हवे. डिझेल-पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, ते विहिरीत तरंगते, तवंग दिसतो, बोंब होते. क्लोरीनवाले सॉल्व्हंट पाण्यापेक्षा जड असतात. एक लिटर टीसीईचे वजन जवळपास १.४६ किलो. शेडच्या मागे ओतले तर थोडे उडून जाते, उरलेले मुरते आणि भूजलाच्या पातळीला लागले तरी तिथे न थांबता खाली उतरत राहते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत बहुतेक ठिकाणी खाली काळा पाषाण आहे. वाळूतून पाणी जसे सगळीकडून सारखे सरकते तसे ते या खडकातून सरकत नाही. भेगा, सांधे, दोन थरांमधली मुरमाड पट्टी अशा वाटांनी जाते. म्हणूनच एका बोअरला पाणी आणि वीस फुटांवरची कोरडी, हा अनुभव आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याला आहे. सॉल्व्हंटही त्याच वाटा धरते. वसाहतीला लागून असलेली विहीर स्वच्छ आणि अर्ध्या मैलावरची बाधित, असे होऊ शकते. खडकाच्या भेगेत अडकलेला तो द्रव वर्षानुवर्षे थोडा थोडा विरघळत राहतो. ओतणारा माणूस निवृत्त झाला, शेड विकली गेली, तरी.

आता मात्रा पाहा. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात टीसीईची मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य ८. पाचाच्या हिशेबाने एक लिटर टीसीई सुमारे २९ कोटी लिटर पाणी मर्यादेपर्यंत आणायला पुरते. दहा हजार लिटरचे २९ हजार टँकर. प्रत्यक्षात सगळे काही असे समप्रमाणात मिसळत नाही, पण अंदाज यावा म्हणून सांगितले. आणि नाकाला वास जाणवतो तो या मर्यादेच्या कित्येक पट मात्रेला. म्हणजे वास येत नाही हे सुरक्षिततेचे लक्षण नाही, आणि वास येत असेल तर ती तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. माझे नाक त्या दिवशी काहीच सिद्ध करत नव्हते.

आपले नेहमीचे उपायही इथे चालत नाहीत. टीसीएल पावडर जंतू मारते, सॉल्व्हंटला काही करत नाही. तुरटीने गाळ बसतो, हे बसत नाही. कँडलच्या फिल्टरमधून ते सहज जाते. उकळल्यावर बराचसा भाग उडतो हे खरे, पण उडून तो त्याच बंद स्वयंपाकघरात जातो, जिथे बाई उभी असते. गरम पाण्याने आंघोळ करतानाही तेच; हे पाणी पिऊनच अंगात जाते असे नाही, वाफेतून श्वासातही जाते.

मग तपासणीत ते का सापडत नाही? जलजीवन मिशनमधून गावागावांत फील्ड टेस्ट किट आली, महिलांना प्रशिक्षण मिळाले, ही चांगली गोष्ट झाली. पण त्या किटमध्ये रंग बदलून कळणाऱ्या दहाबारा गोष्टी आहेत. वर्षातून दोनदा आरोग्य विभाग गावच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण करून लाल, पिवळे, हिरवे कार्ड देतो. त्यात पाहतात ते उकिरडा किती जवळ आहे, गळती आहे का, टीसीएलचा साठा आहे का. गॅस्ट्रो आणि कावीळ डोळ्यासमोर ठेवून बनवलेली ही पद्धत, आणि त्या कामाला ती उपयोगी आहे. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५००, त्यात कीटकनाशके आहेत, शिसे-आर्सेनिक आहे, पण टीसीई आणि परक्लोरोइथिलीन यांना स्वतंत्र मर्यादा नाही. मानकात मर्यादा नाही म्हणून प्रयोगशाळेच्या यादीत नाव नाही, यादीत नाव नाही म्हणून आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणून 'आपल्याकडे हा प्रश्न नाही' असे बैठकीत सांगता येते.

यंत्र नाही, तंत्र नाही असे म्हणायलाही जागा नाही. तासगाव-पलूसच्या द्राक्षबागायतदाराला विचारा. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपने आपली द्राक्षे अडवली तेव्हा केवढा हाहाकार झाला होता. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा नमुना बागेतून घेतला जातो, तो कोट्यवधी रुपयांच्या यंत्रांवर अब्जांश मात्रेपर्यंत तपासला जातो, आणि मगच माल बोटीत चढतो. पद्धत वेगळी असली तरी सॉल्व्हंट शोधणारी गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रे त्याच जातकुळीची आहेत, पुण्यातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत ती आहेत, आणि एका नमुन्याचा खर्च काही हजार रुपयांचा आहे. जर्मनीतल्या गिऱ्हाइकासाठी आपण घड तपासतो. त्याच बागेत राबणाऱ्या माणसांच्या विहिरीसाठी ही तपासणी आपण मागितलेलीसुद्धा नाही.

असे काही आपल्या देशात खरोखर घडते का, तर भोपाळ आठवावे. १९८४ च्या वायुगळतीबद्दल सगळ्यांना माहीत असते. पण त्या कारखान्याने आवारातल्या खड्ड्यांत आणि बाहेरच्या तळ्यांत टाकलेला कचरा हे वेगळेच प्रकरण आहे, आणि ते गळतीच्या आधीपासूनचे. नव्वदच्या दशकातल्या एका अधिकृत अहवालाला भूजलात चिंतेचे काही दिसले नव्हते. १९९९ मध्ये ग्रीनपीसने भोवतालच्या वस्त्यांतले पाणी सॉल्व्हंटसाठी तपासले तेव्हा त्यात क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरिनेटेड बेंझीन सापडले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या वस्त्यांना दुसरीकडून स्वच्छ पाणी द्या असा आदेश काढावा लागला. गळतीनंतर वीस वर्षांनी. एवढ्या जगप्रसिद्ध जागेची ही गत, तर आडबाजूच्या शेडमागच्या खड्ड्याकडे कोण बघणार?

इथे माझ्या व्यवसायबंधूंशी थोडे भांडायचे आहे. पाण्याबद्दल तक्रार आली की आम्ही विचारतो, 'रुग्ण किती?' गॅस्ट्रोच्या साथीत हा प्रश्न योग्यच आहे. चोवीस तासांत पन्नास रुग्ण येतात आणि विहीर सापडते. सॉल्व्हंटच्या बाबतीत हा प्रश्न निरुपयोगी आहे. आजार दहा-वीस वर्षांनी येतो. टीसीई शरीरातून काही दिवसांत निघून जाते, लघवीतली त्याची खूण दोनतीन आठवड्यांत पुसली जाते. पुढे कधी मूत्रपिंडाची गाठ सापडली तर ती कशामुळे, हे सांगणारी कुठलीही रक्ततपासणी माझ्याकडे नाही. गाठ साताऱ्यात सापडते, शस्त्रक्रिया मिरजेला होते, केमोथेरपी मुंबईला. आमच्या केसपेपरवर गावाचे नाव असते, विहिरीचे नसते. आणि दोन हजार वस्तीच्या गावात एकाऐवजी तीन रुग्ण झाले तरी तो योगायोग की कारण, हे गणिताने ठरवता येत नाही.

अमेरिकेत बोस्टनजवळ वोबर्न नावाचे गाव आहे. तिथे 'जी' आणि 'एच' अशा दोन नगरपालिकेच्या विहिरी होत्या, १९६४ आणि १९६७ मध्ये खोदलेल्या. पाण्याच्या वासाच्या, चवीच्या तक्रारी लोक सुरुवातीपासून करत होते. एका आईला शंका आली, कारण तिच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला आणि दवाखान्यात तिला आपल्याच आळीतल्या आया भेटू लागल्या. कुणी दाद दिली नाही. १९७९ मध्ये विहिरींच्या जवळ टाकून दिलेली १८४ पिंपे योगायोगाने सापडली म्हणून पाणी तपासले गेले. टीसीई निघाले, एका विहिरीत लिटरला २६७ मायक्रोग्रॅम. विहिरी बंद झाल्या. मग रुग्ण मोजले: १९६९ ते १९७९ या काळात मुलांमधल्या ल्युकेमियाचे १२ रुग्ण, अपेक्षित होते ५.३. एवढे होऊनही कारण सिद्ध करण्यावर पुढे पंधरावीस वर्षे वाद झाले. क्रम लक्षात घ्या. मुले आधी आजारी पडली, विहीर नंतर तपासली. रुग्णांची संख्या हे पाणी मोजायचे सर्वांत क्रूर आणि सर्वांत ढोबळ साधन आहे, आणि ते आम्ही डॉक्टर हातात घेऊन बसलो आहोत.

तपासणीची दुसरी एक अडचण त्याच देशातल्या कॅम्प लजून या नौसैनिकी तळावर कळली. तिथे १९५३ पासून १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत लाखो सैनिक आणि त्यांच्या बायकामुलांनी सॉल्व्हंटयुक्त पाणी वापरले. ते उघड झाले तेही दुसरेच काही शोधताना. क्लोरीन टाकलेल्या पाण्यात ट्रायहॅलोमिथेन नावाची संयुगे तयार होतात. १९८० पासून त्यांची तपासणी सुरू झाली आणि तंत्रज्ञांना आलेखात नको तिथे शिखरे दिसू लागली. त्यांनी लेखी कळवले. तरी विहिरी बंद व्हायला १९८४-८५ उजाडले. मधल्या काळात आकडे कधी चौदाशे मायक्रोग्रॅम, कधी जवळजवळ शून्य येत, कारण विहिरी आळीपाळीने चालवल्या जात. ज्या दिवशी बाधित विहिरीचा पंप चालू, त्या दिवशी नळाला सॉल्व्हंट. बंद, त्या दिवशी पाणी स्वच्छ. सरपंचबाईंचे 'पहाटे पहिली मोटर चालू केली की' हे वाक्य मला हे वाचताना आठवले, आणि वाईट वाटले. त्यांनी निरीक्षण अगदी नेमके सांगितले होते.

यातून एक सोपी गोष्ट लगेच करता येईल. ट्रायहॅलोमिथेनच्या मर्यादा आपल्या आयएस १०५०० मध्ये आहेत. ज्या प्रयोगशाळेत ती तपासणी होते, तिथल्या त्याच यंत्राला टीसीई, परक्लोरो आणि कार्बन टेट्राक्लोराइडही दिसू शकते. फक्त अहवालात तेही द्या, असे मागणाऱ्याने लिहायला हवे.

सातारा, सांगली, मिरज ही शहरे मुख्यतः धरण, तलाव आणि नदीचे पाणी पितात, त्यामुळे वोबर्नसारखे सारे शहर बाधित विहिरीवर असण्याची भीती इथे कमी. कृष्णेचे दुखणे वेगळे, शेरीनाल्यावर या वृत्तपत्रांतून पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेले आहे. माझी काळजी वसाहतींच्या आजूबाजूची आहे. साताऱ्याची एमआयडीसी, शिरवळ, लोणंद, तासवडे. इकडे कुपवड, मिरज, पलूस, कडेगाव. भोवतालच्या उपनगरांत नळाला पाणी कमी पडले की बोअर चालते, गावांच्या योजना विहिरींवर आहेत. आणि टँकर. २०२४ च्या उन्हाळ्यात माण आणि जत तालुक्यांनी टँकरवर दिवस काढले. टँकर भरायला विहीर अधिग्रहित करताना पाणी किती आहे हे पाहतात, फार तर टीसीएल टाकतात. एका विहिरीतून दहा गावांना पाणी जाते, म्हणजे ती त्या दोन महिन्यांपुरती नगरपालिकेची विहीरच झाली. या वसाहतींतले पाणी दूषित आहे, असे मी म्हणत नाही. नेहमीच्या तपासणीतून ते दूषित आहे की नाही हे कळूच शकत नाही, एवढेच म्हणतो.

आणखी एक गोष्ट. मार्च २०२४ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत आणि जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्वे इथे मेफेड्रोन या अमली पदार्थाचे कारखाने पोलिसांनी पकडले. बातम्यांत किलो आणि कोटी होते. असले रसायन बनवायला सॉल्व्हंट लागतातच, आणि चोरून चालवलेल्या शेडमधले वापरलेले सॉल्व्हंट रीतसर विल्हेवाटीला जात नसते. ते कुठे ओतले, हा प्रश्न मी वाचलेल्या एकाही बातमीत नव्हता. पंचनाम्यात शेजारच्या विहिरीचा एक नमुना घ्यायला काय हरकत होती?

कायदेशीर कारखान्यांसाठी नियम आहेत. वापरलेले सॉल्व्हंट हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे, तो साधारणपणे नव्वद दिवसांपेक्षा अधिक साठवता येत नाही, किती निघाला आणि कुठे गेला याची नोंद ठेवावी लागते. त्यामुळे शोध फावड्याने नाही, रजिस्टरने सुरू करता येतो: वर्षात किती लिटर विकत घेतले, किती परत गेले, फरक किती. काही उडून जाणारच. पण खरेदी दहा पिंपांची आणि परत जाणारे शून्य, असे असेल तर त्या शेडभोवतीच्या विहिरी आधी तपासाव्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्यावरून भूजल कुठल्या दिशेला सरकते याचा पहिला अंदाज मिळतो. ही सगळी माहिती आजही वेगवेगळ्या कपाटांत आहे.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नवे नियम काढले. त्यानुसार स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागा स्वतःहून किंवा लोकांच्या तक्रारीवरून ओळखायच्या आणि दर सहा महिन्यांनी त्यांची यादी द्यायची. मग राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. कागदावर हे चांगले आहे. भीती अशी की विहिरींचे आकडेच नसतील तर यादीत 'निरंक' लिहिले जाईल. पहिल्या वर्षी प्रत्येक वसाहतीच्या दोनतीन किलोमीटर परिसरातल्या पिण्याच्या विहिरी आणि बोअर, आणि टँकर भरायच्या सगळ्या विहिरी, पावसाळ्याआधी आणि नंतर अशा दोनदा सॉल्व्हंटसाठी तपासाव्यात आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत, एवढीच माझी मागणी आहे.

एक ज्येष्ठ अधिकारी मला म्हणाले, "डॉक्टर, आधी जंतू तरी मरू द्या." त्यांचे अगदीच चुकत नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुइलाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले तेव्हा बोट पाण्याकडेच गेले होते. टीसीएलला मी सुट्टी द्या म्हणत नाही. कारखानदारांची भीतीही समजते. आकडा निघाला की टाळे लागेल असे त्यांना वाटते, आणि त्या टाळ्याने माझ्याच रुग्णांच्या चुली विझतील. पण वोबर्नमध्ये पहिल्यांदा बंद केल्या त्या दोन विहिरी. बाधित विहीर लवकर कळली तर तिचा पंप काढून दुसरा स्रोत जोडता येतो. आणि शंभर विहिरी तपासून शंभरही स्वच्छ निघाल्या, तर तो पैसा वाया गेला असे मी तरी म्हणणार नाही.

महिन्यापूर्वी मी सरपंचबाईंना स्वतः फोन केला. त्या दिवशीच्या बाटलीबद्दल सांगितले: प्लॅस्टिक नको, अर्धी भरलेली नको, उन्हातून आणलेली तर नकोच, कारण त्यात काही असलेच तर ते रुग्णालयाच्या दारात पोहोचेपर्यंत उडून गेले असणार. प्रयोगशाळा चाळीस मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या देते, आत आम्लाचे थेंब घालून. त्या हळूच काठोकाठ भरायच्या, झाकण लावून उलट्या करून बघायच्या. बुडबुडा दिसला तर तो नमुना रद्द. मग बर्फात ठेवून पुण्याला. एक नमुना पहिल्या पाण्याचा, दुसरा अर्ध्या तासाने. बाईंनी मासिक सभेत ठराव करून घेतला. परवा त्यांचा फोन आला, कुप्या आल्या होत्या. विचारत होत्या, नमुन्यासाठी मोटर किती वाजता लावू. मी म्हटले, रोज लावता तेव्हाच लावा, पहाटे साडेपाचला.